सहावी ते आठवीच्या पालकांपर्यंत शाळेची खबर कशी पोहोचवावी : नव्या वर्गशिक्षकांसाठी मार्गदर्शक

चौथी-पाचवीपर्यंत आई किंवा आजी मुलाला फाटकापर्यंत सोडायला येते, बाई तिथेच तिच्याशी दोन शब्द बोलतात आणि घर-शाळेचा बराचसा संवाद त्या फाटकावर उरकतो. सहावीपासून हे बंद होते. मूल सायकलने किंवा एसटीने येऊ लागते, विषयागणिक वेगवेगळे शिक्षक येतात, अभ्यास अनेक घरांत मोठ्यांना समजावून सांगता येईल त्याच्या पुढे जातो, आणि शाळेतले काय घरी सांगायचे व काय गाळायचे हे अकरा ते चौदा वर्षांचे मूल स्वतःच ठरवू लागते. त्यामुळे ज्या वर्षांत घराला शाळेची माहिती सर्वांत जास्त लागते, त्याच वर्षांत ती सर्वांत कमी पोहोचते. ‘पालक लक्षच देत नाहीत’ ही तक्रार स्टाफरूममध्ये नेहमी ऐकू येते. माझ्या मते तिच्यातला मोठा भाग ‘पालकांना कळलेलेच नाही’ असा असतो.

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत पहिल्यांदाच सहावी, सातवी किंवा आठवीचा वर्ग हाती घेतलेल्या शिक्षकांसाठी हे मार्गदर्शन आहे. शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलमार्फत दुसऱ्या जिल्ह्यात नेमणूक झालेल्या, गाव आणि तिथली बोली दोन्ही नवी असलेल्या शिक्षकांना त्याचा अधिक उपयोग व्हावा. पालकांना माहिती देणे हा शिक्षकाच्या मर्जीचा भाग नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाच्या कर्तव्यांत पालकांच्या नियमित सभा घेणे आणि त्यांना मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती यांची माहिती देणे हे स्पष्टपणे नमूद केलेले आहे. पुढच्या सर्व पायऱ्यांत एकच सूत्र आहे: निरोप मुलाच्या हाती सोपवून मोकळे होऊ नये, आणि मुलाच्या पाठीमागून तो पाठवूही नये.

पायरी १ : जूनमध्ये संपर्कवही तयार करणे

जनरल रजिस्टरात किंवा संगणक प्रणालीत असलेला मोबाइल क्रमांक पुष्कळदा प्रवेशाच्या वेळचा असतो. मधल्या काळात सिम बदललेले असते, किंवा तो क्रमांक वडिलांचा असतो आणि वडील चाकणला कंपनीत, महिन्यातून एकदा घरी येणारे असतात. म्हणून शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत शंभर पानी वही घेऊन प्रत्येक मुलासाठी एक पान सोडावे आणि त्यावर पुढील गोष्टी विचारून लिहाव्यात: घरी मुलाची रोजची काळजी कोण घेते, फोन कोणाजवळ असतो आणि तो कोणत्या वेळी उचलता येतो, फोनवर व्हॉट्सॲप आहे का, घरात मराठी वाचू शकणारे कोण आहे, घरात कोणती भाषा बोलली जाते, आणि तातडीच्या वेळी शेजारपाजारच्या कोणाला निरोप द्यावा.

यात एक प्रश्न हमखास राहून जातो: तो फोन प्रत्यक्षात वापरते कोण? या वयाच्या मुलांच्या घरी आईच्या नावावरचा स्मार्टफोन संध्याकाळभर मुलाच्याच हातात असतो. गैरहजेरीचा निरोप आईला जाण्याआधी मुलाला मिळतो आणि पुसला जातो. अशा घरांसाठी दुसरा क्रमांक, शक्यतो साध्या फोनचा, मिळवून ठेवावा आणि महत्त्वाचे बोलणे तोंडी करावे.

आई-वडील वेगळे राहत असतील तर माहिती कोणाला द्यायची आणि मुलाला शाळेतून नेण्याचा अधिकार कोणाला आहे, हे मुख्याध्यापकांकडून लेखी समजून घ्यावे. स्वतःच्या अंदाजाने ठरवू नये. मूल आजोळी राहत असेल तर आजी-आजोबा हेच आपले पालक आहेत, त्यांना ‘पालकांना पाठवा’ असे सांगणे व्यर्थ आहे.

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांत काम करणाऱ्यांनी ऊसतोडीचा हंगाम आधीच हिशेबात धरावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मूल मागे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहणार असेल, तर निघण्यापूर्वीच ऊसतोड टोळीतल्या चालू फोनचा क्रमांक घ्यावा आणि कोणत्या वेळी बोलता येते ते विचारावे, कारण तोडणी व गाडी भरण्याच्या वेळा ठरलेल्या नसतात. मूल बरोबर जाणार असेल, तर स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळेकडून मिळणारे शिक्षण हमी कार्ड देताना हेही तोंडी सांगावे की जिथे मुक्काम पडेल तिथल्या शाळेत वर्षाच्या मध्येसुद्धा त्याला बसता येते आणि उशीर झाला म्हणून शाळा त्याला नाकारू शकत नाही. कार्ड पेटीत ठेवले जाते. हे वाक्य मात्र लक्षात राहते.

पायरी २ : निरोपाच्या वाटा ठरवणे

वाटा पुष्कळ आहेत: दैनंदिनी, व्हॉट्सॲप, फोन, सूचनाफलक, गृहभेट, गावात ग्रामपंचायतीचा किंवा मंदिराचा ध्वनिक्षेपक. नवा शिक्षक उत्साहाच्या भरात सगळ्या एकदम सुरू करतो आणि ऑगस्टपर्यंत कोणतीच धड चालत नाही. दोन वाटा निवडाव्यात, एक लेखी आणि एक तोंडी, आणि त्या वर्षभर सोडू नयेत. माझी पसंती दैनंदिनी आणि फोन यांना आहे. व्हॉट्सॲप हे दैनंदिनीला पूरक म्हणून ठेवावे, तिच्या जागी आणू नये.

दैनंदिनीबद्दल एक सूचना. सातवीतले मूल वडिलांची सही सफाईने करू शकते, हे सर्वांना माहीत आहे. यावर उपाय म्हणजे सहीऐवजी आठवड्यातून एकदा घरच्यांकडून एक ओळ मागणे: ‘या आठवड्यात मुलाने घरी शाळेतले काय सांगितले?’ ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या वतीने भावंडाने किंवा मुलानेच लिहिले तरी चालेल. ती ओळ लिहिण्यासाठी घरात बोलणे झालेले असते.

व्हॉट्सॲपचा गट करण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात. पहिली, गटात फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी मांडणी ठेवावी, कारण तसे न केल्यास सुप्रभात, राजकीय चित्रफिती आणि वाढदिवसांच्या शुभेच्छांत शाळेची सूचना बुडते. दुसरी, साध्या गटात प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकाला दिसतो, आणि अनेक आयांना आपला क्रमांक गावातल्या चाळीस अनोळखी माणसांना दिसावा असे वाटत नाही. म्हणून आधी विचारावे. ब्रॉडकास्ट यादी वापरल्यास क्रमांक उघड होत नाहीत, पण ज्यांनी शिक्षकाचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो निरोप मिळतो, हे लक्षात ठेवून पहिल्या सभेत सर्वांचे फोन हातात घेऊन क्रमांक जतन करवून घ्यावा. तिसरी, वेळ. रात्री आठनंतर आणि रविवारी सूचना टाकू नये. आपण टाकली की पालकही रात्री अकराला उत्तराची अपेक्षा धरतात, आणि ती चूक त्यांची नसते.

वाचता न येणाऱ्या घरांसाठी ध्वनिमुद्रित निरोप फार उपयोगी पडतो. तीस-चाळीस सेकंद, सावकाश, एकच विषय. नंदुरबारमध्ये पावरी-भिली, गडचिरोलीत गोंडी, तांड्यांवर गोरमाटी बोलली जात असेल तर गावातल्या अंगणवाडी सेविकेला किंवा शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या ताईंना तोच निरोप त्यांच्या बोलीत बोलायला सांगावा. मुलांनाच दुभाषी करणे सोयीचे असते. पण स्वतःच्या गैरहजेरीबद्दलचा निरोप मुलाने आईला भाषांतर करून सांगावा ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही.

सूचनाफलक बहुधा शोभेचा राहतो. तरी त्यावर आहाराचे प्रमाण जरूर लिहावे. सहावी ते आठवीच्या मुलामागे शालेय पोषण आहारात रोज १५० ग्रॅम धान्य ठरलेले आहे, तर पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम. हे ठाऊक असलेले पालक ‘मोठ्या पोरांना पुरते का?’ असा नेमका प्रश्न विचारू शकतात.

पायरी ३ : पहिला निरोप तक्रारीचा नसावा

‘उद्या वडिलांना घेऊन ये’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या धाक म्हणून वापरले गेल्याने शाळेचा फोन म्हणजे काहीतरी बिघडले, असे घरी गृहीत धरले जाते. हे समीकरण मोडण्यासाठी जुलै संपण्यापूर्वी प्रत्येक घरी एक साधा फोन करावा. रोज तीन घरे घेतली तर चाळीस मुलांचा वर्ग तीन आठवड्यांत पूर्ण होतो. बोलणे दोन मिनिटांचे असावे:

‘नमस्कार ताई. मी सातवी ब ची नवी वर्गशिक्षिका बोलतेय. काही तक्रार नाही, ओळख करून घ्यायला फोन केला. तुमच्या मुलाने विज्ञानाच्या तासाला गांडूळखताचा खड्डा कसा करतात ते फळ्यावर काढून दाखवले, सगळ्या वर्गाला आवडले. तुम्हाला फोन करायला कोणती वेळ बरी? आणि त्याच्याबद्दल मला माहीत असावे असे काही आहे का?’

‘काही तक्रार नाही’ हे शब्द सुरुवातीलाच यावेत. नाहीतर पलीकडची व्यक्ती पुढचे काहीही ऐकत नाही. शेवटचा प्रश्नही गाळू नये. दम्याचा त्रास, नुकताच झालेला घरातला मृत्यू, मुलाला फळ्यावरचे दिसत नसल्याची शंका अशा गोष्टी फॉर्मवर कोणी लिहीत नाही, पण विचारले तर सांगतात. फोन करणार आहोत हे त्या दिवशी वर्गात मुलालाही सांगून ठेवावे.

पायरी ४ : सूचना लिहिणे

शाळांतल्या बहुतेक सूचना परिपत्रकाच्या भाषेत असतात: ‘सर्व पालकांना सूचित करण्यात येते की, शैक्षणिक सहलीचे आयोजन करण्यात आलेले असून इच्छुकांनी विहित मुदतीत संमतीपत्र व शुल्क जमा करावे.’ या वाक्यात दिवस नाही, रक्कम नाही, ठिकाण नाही आणि न पाठवल्यास काय, तेही नाही. तीच सूचना अशी लिहावी:

‘सातवीची सहल शुक्रवार, १२ डिसेंबरला रायगडला जाणार आहे. एसटी बस सकाळी ६ वाजता शाळेतून निघेल व रात्री ८ पर्यंत परत येईल. मुलामागे खर्च इतके रुपये. सोबतच्या कागदावर सही करून तो सोमवारपर्यंत मुलाबरोबर पाठवा. चालण्याचा त्रास किंवा औषध चालू असल्यास कागदामागे लिहा. पैशांची अडचण असेल तर मला फोन करा, मुलाला सांगू नका. सहलीला न येणाऱ्या मुलांची शाळा नेहमीप्रमाणे भरेल.’

शेवटच्या दोन वाक्यांमुळे अनेक घरांची कुचंबणा टळते. पैशांसाठी मुलाला वर्गात उभे राहावे लागले की ते सहलीचा कागदच घरी नेत नाही, आणि आपण समजतो की पालकांना रस नाही. संमतीपत्राशिवाय मूल नेऊ नये, हे सांगण्याची गरज नसावी. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थी बुडाल्यानंतर सहलींबाबत नियम कडक झाले. पाण्याच्या ठिकाणी जाणार असल्यास ते सूचनेत स्पष्ट लिहावे, ते कळणे हा पालकांचा हक्क आहे.

पायरी ५ : वर्षाचे कॅलेंडर उलटे मांडणे

कार्यक्रमाची तारीख ठरली की तिच्याआधी पालकांना काय काय करावे लागेल याचा विचार करून पहिली सूचना मागे न्यावी. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजनेची, म्हणजे एनएमएमएसची परीक्षा याचे चांगले उदाहरण आहे. आठवीतल्या, शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी ती आहे. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के चालतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांपेक्षा जास्त नसावे. आणि निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. परीक्षा आपल्याकडे साधारण डिसेंबरमध्ये होते, म्हणून सूचना ऑक्टोबरमध्ये दिली जाते. पण उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळवायचा असतो, त्यासाठी मजुरीचा एखादा दिवस बुडतो, कागद अपुरे निघाले तर दोन दिवस. ही खबर जूनमध्ये, आणि खरे तर सातवीच्या वर्षातच, गेली पाहिजे, कारण सातवीचे गुण पात्रतेत मोजले जातात हे आठवीत कळून उपयोग नाही.

आरोग्याच्या कार्यक्रमांबाबतही हेच. सहावीपासून मुलांना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी दिली जाते. ती जेवणानंतर घ्यायची असते, रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ होऊ शकते, आणि तिच्यामुळे शौचाचा रंग काळसर होतो. एवढे तीन मुद्दे घरी आधी कळले नसतील, तर एका मुलीच्या पोटात दुखले की संध्याकाळपर्यंत ‘शाळेत चुकीची गोळी दिली’ अशी बातमी गावभर होते आणि पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग गोळी घेत नाही. १० ऑगस्ट व १० फेब्रुवारी या राष्ट्रीय जंतनाशक दिनांच्या आधीही असाच निरोप द्यावा. मासिक पाळीविषयीच्या सत्राआधी आयांना स्वतंत्र बोलवावे, आणि सत्रात काय सांगितले जाणार ते आधी त्यांना सांगावे. घरी विरोध होईल असे आपण धरून चालतो, प्रत्यक्षात बहुतेक आया ‘बरे झाले, तुम्हीच सांगा’ असे म्हणतात.

पायरी ६ : शिकण्याबद्दल सांगणे

कार्यक्रमांची खबर देणे तुलनेने सोपे आहे. मूल काय शिकते आहे आणि कुठे अडले आहे, हे घरच्यांना कळेल असे सांगणे हा या कामाचा गाभा आहे आणि बहुतेक शाळा तिथेच कमी पडतात.

सुरुवात प्रगतिपुस्तकापासून करावी, कारण ते वाचायचे कसे हेच कोणी सांगत नाही. आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात आकारिक म्हणजे वर्षभर चालणाऱ्या कामाचे आणि संकलित म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे असे दोन भाग आहेत. सहावीला दोन्हींना ५०-५० गुण, सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६०. आकारिकात तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, उपक्रम, छोटी चाचणी, स्वाध्याय असे सगळे येते. हे पहिल्याच सभेत फळ्यावर लिहून दाखवावे, कारण ‘परीक्षेच्या आधी आठ दिवस अभ्यास केला की झाले’ ही समजूत घरी मुलाइतकीच मोठ्यांचीही असते. आकारिकाचे गुण सहसा संकलितापेक्षा चढे असतात, आणि शिक्षक ते सढळ हाताने देतात, ही गोष्टही खरी आहे. म्हणून पालकांना दोन्ही आकडे वेगवेगळे दाखवावेत, नुसती बेरीज दाखवू नये.

मग श्रेणी. अ-१ म्हणजे ९१ ते १००, अ-२ म्हणजे ८१ ते ९०, असे उतरत क-२ म्हणजे ४१ ते ५०, ड म्हणजे ३३ ते ४० आणि त्याखाली इ-१ व इ-२. पालकांना ‘ब-२’ वरून काहीही बोध होत नाही. प्रत्येक मुलाच्या पुस्तकावर श्रेणीशेजारी एक वाक्य लिहावे, आणि ते ‘चांगली प्रगती’, ‘अभ्यासात सातत्य हवे’ असले ठरावीक नसावे. ‘अपूर्णांकांची बेरीज येते, भागाकारात अडखळते’, ‘उतारा वाचून अर्थ सांगतो, पण स्वतःची पाच वाक्ये लिहायला टाळतो’ अशी वाक्ये लिहायला वेळ लागतो हे मान्य. चाळीस मुलांसाठी एका बैठकीत ती सुचत नाहीत. म्हणून संपर्कवहीतल्या मुलाच्या पानावर महिन्यातून एक टिपण करत राहावे, ऑक्टोबरमध्ये त्यातूनच वाक्य मिळते. वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीचा निकालही अशाच शब्दांत घरी जावा. तो आकडा केवळ पोर्टलवर भरण्यासाठी नसतो.

वर्गात काय चालू आहे, हे महिन्यातून एकदा सांगावे. बालभारतीच्या पुस्तकांच्या सुरुवातीला अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला काय यायला हवे ते, छापलेल्या असतात. त्यांची भाषा शिक्षकांसाठी आहे, ती जशीच्या तशी पाठवू नये. त्याऐवजी महिन्याचा एक घटक घेऊन घरात काय विचारता येईल ते लिहावे. सहावीच्या गणितात शेकडेवारी, नफा-तोटा आणि बँक व सरळव्याज हे घटक आहेत. तेव्हा निरोप असा देता येतो:

‘या महिन्यात नफा-तोटा शिकत आहोत. आठवडे बाजाराला मुलाला बरोबर न्या. मेथीची जुडी कितीला घेतली, कितीला विकली, उरलेल्या सुकल्या तर काय झाले, याचा हिशेब त्याला करू द्या. उत्तर चुकले तरी सांगू नका, वहीत लिहून आणायला सांगा.’

ज्या वडिलांनी ‘मला काय कळतंय इंग्रजी-गणितातलं’ म्हणून हात वर केलेले असतात, त्यांना भाजीचा हिशेब शिक्षकापेक्षा चांगला येतो, आणि मुलापुढे त्यांची किंमत वाढते. हे वर्षभरात पाच-सहा वेळा साधले तरी पुष्कळ झाले. प्रत्येक घटकाला ओढूनताणून घरगुती उपक्रम जोडायला गेलो की त्याचे रूपांतर आईने रात्री बसून करायच्या प्रकल्पात होते. थर्माकोलच्या प्रतिकृती कोण बनवते, हे आपल्याला ठाऊक आहे.

आठवीच्या पालकांना एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. ‘आठवीपर्यंत नापास करत नाहीत’ हे वाक्य लोकांच्या मनात इतके पक्के बसले आहे की २०२३ मध्ये राज्याने पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेची तरतूद केली, हे अनेक घरांना अजून माहीत नाही. या परीक्षेत मूल अनुत्तीर्ण झाल्यास त्याला अधिक मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी मिळते आणि तीतही यश न आल्यास त्याला त्याच वर्गात ठेवले जाऊ शकते. मात्र प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. दोन्ही अर्धी वाक्ये सांगावीत. नुसते पहिले सांगितले तर घाबरलेले कुटुंब, विशेषतः मुलीच्या बाबतीत, ‘मग बसवूच घरी’ या निर्णयाकडे झुकते.

पायरी ७ : पालकसभा

सभेची वेळ शाळेच्या सोयीने सकाळी अकराला ठेवली की निवृत्त आजोबा आणि दोन-तीन आया येतात. गावचा बाजार कोणत्या दिवशी, भात लावणी किंवा कापूस वेचणी कधी, कारखान्यातल्या पाळ्या कशा, हे विचारून वेळ ठरवावी. शहरात शनिवारी दुपारनंतर, गावात सायंकाळी दिवेलागणीच्या आधी ही वेळ बहुधा जमते. निमंत्रण आठ दिवस आधी लेखी आणि आदल्या दिवशी तोंडी जावे. निमंत्रण आईच्याही नावाने असावे, ‘श्री.’ लिहिलेल्या चिठ्ठीवर आई येत नाही आणि वडील येऊ शकत नाहीत.

सभा एका तासात संपवावी. प्रास्ताविक, सत्कार, नारळ हे सगळे गाळता येते. वीस मिनिटे वर्गाबद्दल, पंधरा मिनिटे मुलांच्या कामाची वही किंवा प्रयोग मुलांनीच दाखवणे, उरलेला वेळ पालकांचे प्रश्न. गुण किंवा नावे सर्वांसमोर वाचू नयेत. ज्या आईसमोर तिच्या मुलाचे नाव शेवटी वाचले जाते, ती पुढच्या सभेला येत नाही, आणि नेमके तिच्याशीच बोलणे सर्वांत गरजेचे असते. एकेका मुलाबद्दल बोलण्यासाठी सभेनंतर पाच-पाच मिनिटांच्या वेळा आधीच वाटून द्याव्यात.

वर्गाची पालकसभा आणि शाळेच्या समित्या यांत गल्लत करू नये. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. शाळेचे नियोजन तिच्यासमोर जाते. आपल्या वर्गाच्या पालकांपैकी समितीत कोण आहे ते माहीत करून घ्यावे, कारण जे फोन उचलत नाहीत त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट बहुधा तिथूनच जाते.

पायरी ८ : अवघड निरोप

सलग दोन दिवस न कळवता गैरहजर राहिलेल्या मुलाच्या घरी तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता फोन करावा. प्रश्न ‘का नाही आला?’ असा नसून ‘बरा आहे ना?’ असा असावा. फोन लागत नसेल तर घरी जावे; एकटे न जाता सहकारी किंवा गावातली ओळखीची व्यक्ती बरोबर घ्यावी.

वागणुकीची किंवा अभ्यासाची तक्रार करायची असेल, तर आधी मुलाला सांगावे की आज घरी बोलणार आहे आणि काय बोलणार आहे. शक्य असल्यास बोलणे त्याच्या समोरच करावे. घडलेले जसे घडले तसे सांगावे, स्वभावाचा निवाडा देऊ नये: ‘तो उद्धट आहे’ याऐवजी ‘मंगळवारी तासाला त्याने वही फाडली, विचारल्यावर बाहेर निघून गेला’. शेवटी शाळा काय करणार आणि घरी काय करता येईल, हे एकेका वाक्यात ठरवावे. ज्या घरी फोननंतर मुलाला मार बसतो असे दिसते, तिथे फोन करण्याचा मार्ग बंद करून भेट घेऊन बोलावे.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवावा. मुलाने किंवा मुलीने लैंगिक छळाबद्दल काही सांगितले, किंवा तशी शंका आली, तर ते घरी आधी कळवून ‘तुम्ही बघा’ म्हणता येत नाही. पोक्सो कायदा, २०१२ (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि त्रास देणारी व्यक्ती घरातलीच असू शकते. मुख्याध्यापकांना त्वरित सांगावे; चाइल्ड हेल्पलाइन १०९८ हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

पायरी ९ : काय पाठवू नये

मुलांची छायाचित्रे गटावर टाकण्यापूर्वी जूनमध्येच लेखी संमती घ्यावी आणि ज्यांनी नकार दिला त्यांची नावे वहीत ठळक लिहावीत. शिष्यवृत्तीसाठी जमवलेली जात, उत्पन्न, आधार आणि बँक खात्याची यादी कधीही गटावर टाकू नये. ‘ज्यांची कागदपत्रे बाकी आहेत’ अशी नावानिशी यादीसुद्धा नको, प्रत्येकाला वेगळे कळवावे. अपार, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमस्वरूपी शैक्षणिक ओळख क्रमांकासाठी पालकांची संमती लागते. तो कागद सहीसाठी पाठवताना तो कशाचा आहे हे दोन वाक्यांत सांगावे, नुसते ‘सही करून पाठवा’ म्हणू नये.

पायरी १० : नोंद आणि सुपूर्दगी

प्रत्येक फोन, भेट आणि सभेची तारीख मुलाच्या पानावर एका ओळीत लिहावी. महिन्याच्या शेवटी वही चाळली की कोणत्या घराशी एकदाही बोलणे झालेले नाही ते दिसते. ती घरे पुढच्या महिन्यात आधी घ्यावीत, कारण आपण नकळत पुन्हा पुन्हा त्याच दहा पालकांशी बोलत असतो. मे महिन्यात निकाल दिल्यानंतर पुढच्या वर्गशिक्षकाला ही वही हातात द्यावी. त्याआधी ती एकदा वाचून घरगुती, खासगी स्वरूपाच्या ज्या गोष्टी विश्वासाने सांगितल्या गेल्या आणि ज्यांचा पुढे उपयोग नाही, त्या खोडून टाकाव्यात. कोणाला कोणत्या वेळी फोन करावा, कोणती आजी निरोप नक्की पोहोचवते, कोणाचे आई-वडील दसऱ्यानंतर गावात नसतील, एवढे मात्र पुढे गेले पाहिजे.